पान ब्याण्णववरची शंका

छापखान्यात तिला सगळे काकपदताई म्हणत. ओळीत एखादा शब्द राहून गेला की मुद्रितं तपासणारा माणूस तिथं कावळ्याच्या पायासारखी खूण करतो आणि राहिलेला शब्द समासात लिहितो. त्या खुणेला काकपद म्हणतात. तिची काकपदं इतकी रेखीव असत की कॉम्प्युटरवर बसणारा ऑपरेटर म्हणायचा, ताईंनी दाखवलेली चूक दुरुस्त करायलासुद्धा जिवावर येतं. मामांच्या घरी मात्र अठ्ठेचाळीस वर्षांची होऊनही ती चिऊच होती. छापखान्यात कावळा आणि घरी चिमणी, असं तिचं बरं चाललं होतं.

मामा म्हणजे निवृत्त पाळक. चव्वेचाळीस वर्षं एकाच चर्चमध्ये त्यांनी उपासना चालवली, लग्नं लावली, माणसं पोचवली, आणि उरल्या वेळात चारही शुभवर्तमानांचं मूळ ग्रीकवरून नवं भाषांतर केलं. ‘उरल्या वेळात’ हे त्यांचं म्हणणं. मामींच्या मते अकरा वर्षं घरात दुसरं काही झालंच नव्हतं. आता ते पुस्तक चिऊच्याच छापखान्यात छापायला आलं होतं आणि मुद्रितं तिच्याच टेबलावर होती.

काम सरळ चाललं होतं. चिऊनं साडेअकराशे खुणा केल्या होत्या आणि मामांनी त्या एकेक करून मान्य केल्या होत्या. स्वल्पविरामांवर थोडी कुरकुर केली, दोनदा व्याकरण काढून दाखवलं, पण मान्य केल्या. मग आलं पान ब्याण्णव.

त्याचं असं झालं. मामांनी भाषांतराबरोबर एक जाडजूड वही दिली होती. तिला ते शब्दवही म्हणत. एका बाजूला ग्रीक शब्द, समोर त्याला ठरवलेला आपला शब्द आणि तो कुठल्या कुठल्या पानावर आलाय त्याचे आकडे. एका शब्दाला सगळीकडे एकच शब्द हवा, हा मामांचा कायदा होता आणि तो पाळला गेलाय की नाही हे पाहणं चिऊचं काम. तिला ग्रीकचं अक्षर कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. त्या वहीत एका शब्दासमोर मामांनी ‘डळमळणे’ असं लिहिलं होतं आणि पुढं दोन आकडे होते. पंचेचाळीस आणि ब्याण्णव.

पंचेचाळीसवर सगळं ठीक होतं. पेत्र नावेतून उतरून पाण्यावरून चालायला लागतो, वारा बघून घाबरतो, बुडायला लागतो, आणि प्रभू त्याला धरून विचारतो, “का डळमळलास?” ब्याण्णववर, त्याच पहिल्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, अकरा शिष्य डोंगरावर जातात, मरणातून उठलेल्या प्रभूला पाहतात आणि त्याच्या पाया पडतात. पुढचं वाक्य सुरू. डळमळण्याचं नावही नाही.

चिऊनं ते पान तीनदा वाचलं. मग ‘पडतात’च्या पुढं एक काकपद काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘वहीप्रमाणे इथं एक शब्द राहिलाय का?’

पान परत आलं तेव्हा काकपदावर लाल शाईची काट होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘राहू दे.’

अकरा वर्षांत मामांनी ‘राहू दे’ हे दोन शब्द लिहिलेले तिनं पाहिले नव्हते. संध्याकाळी छापखाना सुटल्यावर ती पान पिशवीत घालून थेट मामांकडे गेली.

दार मामींनी उघडलं. “ये. चहा टाकते. ते आत आहेत, पण आज त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. सकाळपासून तिरसटासारखे वागतायत.”

मामा अभ्यासिकेत होते. टेबलावर चष्मे तीन, त्यातला एकही नाकावर नाही. चिऊनं पान पुढं ठेवलं.

“मामा, हे काय?”

“काय म्हणजे? लिहिलंय ना, राहू दे.”

“पण वहीत दोन आकडे आहेत.”

“वही माझी आहे.”

“म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणाची असती तर चुकून आकडा पडला म्हटलं असतं.”

मामांनी चष्मा शोधायचा बहाणा केला. चिऊनं त्यातला एक उचलून त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसली. तिला एक गोष्ट ठाऊक होती. मामांशी भांडून उपयोग नसतो, पण त्यांना शिकवायला लावलं की ते स्वतःला विसरतात.

“बरं, मला सांगा, मूळ शब्द काय आहे?”

“दिस्ताझो,” मामा नाइलाजानं म्हणाले. आणि मग, व्हायचं तेच झालं. “गंमत माहीत आहे का चिऊ? नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी आहे. दोन्ही याच शुभवर्तमानात. बाकी कुणी वापरलाच नाही. आता ‘दिस्’ म्हणजे दोनदा. आपला ‘द्वि’ आहे ना, त्याचाच हा चुलतभाऊ. म्हणजे एकाच वेळी दोन वाटांवर पाय ठेवून उभं राहणं, असं काहीतरी त्याच्या पोटात आहे.”

“मग सरळ ‘शंका’ का नाही लिहिलंत?”

“शंका?” मामांनी हात झटकला. “चर्चमध्ये ‘शंका’ म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरं मारतात. त्यातून नेमकं कुणी त्याच वेळी उठून बाहेर गेलं, की संपलंच.”

“संशय?”

“संशय माणसावर घेतात. शेजाऱ्यावर, जावयावर. पेत्र काय चौकशीला आलाय? नाही, यात नकार नाही, हे लक्षात घे. अविश्वासाला वेगळा शब्द आहे. हा माणूस ‘हो’च म्हणतोय. नावेतून उतरलाय, पाण्यावर पाय टाकलाय. अर्धा जीव नावेत आहे, इतकंच. आणि बघ, तो बुडायला लागल्यावर आधी हात धरलाय, प्रश्न मागून विचारलाय. क्रम बघ. हात आधी.”

मामींनी चहा आणून ठेवला आणि कप देताना चिऊला डोळ्यांनीच विचारलं, माणसाळले का? चिऊनं मान हलवली.

“किती छान,” ती म्हणाली. “मग ब्याण्णववर पण हाच शब्द आहे?”

“हाच.”

“म्हणजे ते प्रभूच्या पाया पडतायत, आणि त्याच वेळी...”

मामांचा कप तोंडाशी गेला होता तो तिथंच थांबला. त्यांचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा बंद झाला.

“चिऊ, काय छापायचं ते मी ठरवीन.”

“मुळात आहे तो शब्द तुम्ही गाळणार?”

“गाळत नाही. वाचकाला गोंधळात टाकत नाही. पुस्तकाचा शेवट आहे तो. अकरा जणांनी समोर उभा असलेला प्रभू पाहिलाय, त्याच्या पाया पडलेत. तिथं हा शब्द आणून टाकला तर मंडळी काय समजतील?”

“जे लिहिलंय ते समजतील.”

“तुझं काम शुद्धलेखनाचं आहे.”

हे चिऊला लागलं. ती उठली, पान पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, “ठीक आहे. मग पुस्तकात ‘मुद्रितशोधन’ म्हणून माझं नाव आहे ना, ते तेवढं काढून टाका.”

चहा तसाच राहिला. मामींनी दारापर्यंत येऊन तिच्या चपला पुढं केल्या, आणि काही बोलल्या नाहीत. मामी काही बोलत नाहीत तेव्हा त्या कुणाच्या बाजूला आहेत ते घरात सगळ्यांना कळतं.

पुढचे चार दिवस वाईट गेले. ती दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका तपासत होती आणि एका पत्रिकेत तिनं वराच्या जागी वधूच्या वडिलांचं नाव जाऊ दिलं. ऑपरेटरनं ते पकडलं. “ताई, तुम्ही ठीक आहात ना?” त्यानं विचारलं. मालक रोज दारात येऊन उभे राहत. “शुक्रवारी छपाईच्या प्लेटा बनवायच्यात. रविवारी प्रकाशन नाही, पुढच्या रविवारी आहे, कबूल. पण बाइंडरला आठवडा लागतो. तुमचे मामा एका पानासाठी आम्हाला लटकवणार आहेत का?”

“मामा नाही,” चिऊ म्हणाली. “मीच.”

बुधवारी दुपारी मामी छापखान्यात आल्या. उभ्या जन्मात त्या तिथं आल्या नव्हत्या. यंत्राच्या आवाजात पर्स पोटाशी धरून त्या टेबलापर्यंत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “तुझे मामा चार दिवस पुस्तकांच्या कपाटाशी बोलतायत. कपाट काही उत्तर देत नाही. तू ये.”

“ते मला शुद्धलेखनाची बाई म्हणाले.”

“मला ते लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकाची बाई म्हणाले होते. मी आठ दिवस चूल पेटवली नाही. पण आठव्या दिवशी पेटवली. ये तू.”

मामा चर्चच्या मागच्या खोलीत होते. निवृत्त झाले तरी तिथली किल्ली त्यांच्याकडेच होती. ते जुन्या स्तोत्रपुस्तकांच्या फाटक्या पाठी खळीनं चिकटवत बसले होते. बोटांना खळ, बाहीला खळ, एका भुवईलाही थोडी लागली होती. चिऊ समोरच्या बाकावर बसली आणि एक पुस्तक दाबून धरायला घेतलं. दोघं काम करत राहिले.

“ज्या दिवशी माझी दीक्षा झाली,” मामा पुस्तकाकडे बघतच म्हणाले, “त्या दिवशी मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुढं गुडघे टेकून बसलो होतो. पाच वडीलधाऱ्या पाळकांचे हात माझ्या डोक्यावर. आई पहिल्या बाकावर रडत होती. आणि चिऊ, मला त्या क्षणी इतकं लख्ख वाटलं की हे सगळं खरं आहे, तो इथंच आहे. आणि त्याच श्वासात वाटलं, आणि नसलं तर?”

चिऊनं हातातल्या पुस्तकाची पाठ घट्ट दाबून धरली.

“आधी नाही, नंतर नाही. एकाच वेळी. मला वाटलं डोक्यावर हात ठेवणाऱ्यांना ते हाताला लागेल. ताप लागतो तसा. कुणाला काही कळलं नाही. मी उठलो, पाळक झालो. मग ग्रीक शिकताना पहिल्यांदा हे वाक्य आलं. पाया पडले आणि द्विधा झाले. मी पुस्तक मिटून फिरायला गेलो. वाटलं, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून लिहिलंय.”

“मामींना सांगितलंत?”

“कुणालाच नाही. शास्त्रपाठात तो अध्याय आला की ते एवढं वाक्य मी सोडून पुढं जायचो. सवयच झाली. आता छापायचं म्हटल्यावर वाटलं, कुणी विचारलं की पाळकसाहेब, तुमचं काय, तर काय सांगू? चव्वेचाळीस वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघून ‘आमेन’ म्हणाले.”

चिऊला खरं तर गंभीर राहायचं होतं. पण तिला हसू यायला लागलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग आवरेना. मामा दुखावल्यासारखे बघायला लागले.

“तसं नाही मामा,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर मी चाळीस वर्षं बसतेय. मला वाटायचं, एवढ्या सगळ्यांत मीच एकटी. वाटायचं, मामांना कळलं तर काय म्हणतील.”

मामांच्याही खांद्यांना हसण्यानं कंप सुटला, आणि खळ लागलेला हात त्यांनी कपाळाला लावला. कपाळावरची ती खळ नंतर मामींना तीन दिवस धुवावी लागली.

हसून झाल्यावर दोघं कामाला लागले. स्तोत्रपुस्तकाच्या एका कोऱ्या फाटक्या पानावर चिऊनं शब्द लिहायला घेतले. डळमळले. कचरले. घुटमळले. चलबिचल झाली. मामा एकेक मोठ्यानं वाचून बघत आणि बाजूला सारत. ‘कचरले’मध्ये भीती जास्त आहे. ‘घुटमळले’ म्हणजे दारापाशी. हे तर आत आलेत, पाया पडलेत.

“तुम्ही मघाशीच म्हणालात तो शब्द,” चिऊ म्हणाली.

“कुठला?”

“दीक्षेचं सांगताना. ‘पाया पडले आणि द्विधा झाले’ म्हणालात. त्या ग्रीक शब्दाचा चुलतभाऊ आपल्या घरातच होता की.”

मामांनी ते वाक्य तीनदा, तीन सुरांत म्हणून पाहिलं. मग पंचेचाळीसवरचंही. “का मन द्विधा केलंस?” ते म्हणाले, आणि अगदी खूश झाले. “बसलं. दोन्हीकडे बसलं. आणि चिऊ, अजून एक सांगू? ‘काही जण द्विधा झाले’ असं सगळे लिहितात. पण मुळात ‘काही’ असा शब्द वेगळा नाही. ‘ते द्विधा झाले’ असंही वाचता येतं. अकराच्या अकरा. लिहून टाक, सगळेच.”

“थांबा. दोन्ही अर्थ निघतात ना?”

“निघतात, पण...”

“मग एक वर, एक तळटिपेत. तुमच्या मनासारखं म्हणून एकच कसं छापायचं?”

“परवापर्यंत तू मला भित्रा म्हणत होतीस.”

“म्हटलं नव्हतं.”

“चपला घालताना तोंडावर लिहिलं होतं,” मामा म्हणाले. पण तळटीप कबूल केली. आणि कागद घडी करताना पुढचं वाक्य बोटानं दाखवलं. “हे बघ. त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. कुणाला रांगेतून बाहेर काढलं नाही. तो जवळ आला आणि जे काम द्यायचं ते सगळ्यांना सारखंच दिलं.”

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही पानं मालकांच्या टेबलावर होती. ब्याण्णववर तळटिपेमुळं दोन ओळी खाली सरकल्या, त्यामुळं पुढच्या शुभवर्तमानाचं शीर्षक पानाच्या तळाला एकटंच लोंबकळायला लागलं, आणि ते वर आणता आणता ऑपरेटरची दुपार गेली. मालकांनी डोकं धरलं. “एका शब्दासाठी,” ते म्हणाले. चिऊनं त्यांना शब्द वाचून दाखवला. मालक ना चर्चला जाणारे ना कुठं. त्यांनी वाक्य ऐकलं आणि ते म्हणाले, “हे असं आहे त्यात? मग ठीक आहे,” आणि प्लेटा सोडल्या.

प्रकाशनाच्या रविवारी चर्च भरलं होतं. नवे पाळक, वय तिशीचं, त्यांनी चार शब्द बोलून मामांना पुढं बोलावलं. ठरलं होतं की मामांनी पुस्तकाच्या सुरुवातीची प्रभूची वंशावळ वाचायची, म्हणजे कुणाला काही वाटायचा प्रश्नच नाही. मामांनी पुस्तक उघडलं. चिऊनं तिसऱ्या बाकावरून पाहिलं, ते फार पुढचं पान उघडत होते. शेजारी मामींनी तिचं मनगट धरलं.

मामांनी वाचलं. पाया पडले आणि द्विधा झाले. मग पुस्तक न मिटता, चष्मा काढून, त्यांनी दीक्षेच्या दिवसाची गोष्ट सांगितली. खळीच्या खोलीत सांगितली होती तशीच. “एवढंच,” ते शेवटी म्हणाले. “आणि मी हे वाक्य तुमच्यापासून चव्वेचाळीस वर्षं लपवलं. त्याची माफी मागतो.”

मग दुसऱ्या रांगेत निवृत्त नर्सबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. ऐंशी पार केलेल्या, तोंडानं फटकळ. अर्ध्या चर्चला त्यांनीच जन्माच्या वेळी हातात घेतलेलं.

“पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या, “लपवलं म्हणजे काय? तुम्ही ते वाक्य सोडलंत की आम्हाला सगळ्यांना कळायचं. पुस्तकं आमच्याही हातात असायची. पहिल्या वर्षी मी घरी जाऊन बघितलं, यांनी काय गाळलं म्हणून. दुसऱ्या वर्षी बहिणीला दाखवलं. या चर्चमध्ये दुसरं काही पाठ नसेल कुणाला, पण ते वाक्य आहे.”

मामा व्यासपीठावर तोंड उघडं ठेवून उभे होते. “मग कुणी बोलला का नाहीत?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल,” ऑर्गनवाले काका कोपऱ्यातून म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते बाकाबाकानं पसरत गेलं. नवे पाळक हसावं की नाही या विचारात सगळ्यांकडे बघत होते, शेवटी तेही हसले. मामींनी चिऊचं मनगट सोडलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. झोपेत बोलतात.”

उपासना संपल्यावर अंगणात लोक पुस्तकं घेऊन मामांभोवती उभे राहिले. सही हवी होती, पण त्याहून जास्त बोलायचं होतं. एका रिक्षावाल्यानं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी पाच मिनिटं सांगितलं आणि मामांनी त्याचे दोन्ही हात धरले. शाळेतल्या मुख्याध्यापिका रांग मोडून पुढं आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. चिऊ टेबलाशी बसून पुस्तकं देत होती. दुपारचे दोन वाजले तरी मामा जेवायला यायला तयार नव्हते.

सोमवारी सकाळी चिऊ छापखान्यात टेबल आवरत होती तेवढ्यात फोन वाजला.

“चिऊ, आज संध्याकाळी ये. आता नव्या करारातली पत्रं हाती घेतोय. याकोबाच्या पत्रात याच अर्थाचा दुसराच शब्द आहे. स्वतःशीच वाद घालणं, असा काहीतरी. आणि त्याच्या पुढंच अजून एक आहे, दोन जिवांचा माणूस. मजा आहे.”

“मामा, शुभवर्तमानांना अकरा वर्षं लागली. तुम्ही एक्काहत्तरचे आहात. पत्रं कधी संपणार?”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“म्हणून तर म्हणतो,” मामा म्हणाले, “सहाच्या आत ये. आणि येताना लाल पेन आण, माझ्यातली शाई संपलीय.”